रिपोर्ट नॉर्मल, मग पोरीचं डोकं का दुखतंय?

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मूळ पत्र चार पानी आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून ते थोडक्यात देते.

«माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत आहे. शाळेच्या कबड्डी संघात कव्हरला खेळते. पाच आठवड्यांपूर्वी तालुक्याच्या सामन्यात डॅश मारायला गेली आणि समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला, वर डोकं जमिनीवर आपटलं. बेशुद्ध पडली नाही. बसून राहिली, पाणी प्यायली, "स्कोअर किती झाला?" असं तीनदा विचारलं. सरांनी तोंडावर पाणी मारलं आणि उरलेला डाव ती खेळली. रात्री दोनदा उलटी झाली म्हणून सांगलीला नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डोकेदुखीच्या गोळ्या आणि मेंदूच्या ताकदीची एक गोळी दिली, आराम करा म्हणाले. तेव्हापासून ती खोलीत पडदे लावून पडून असते. मोबाइल काढून घेतलाय. तरी रोज डोकं दुखतं. चार दिवस शाळेत पाठवून बघितलं, तर फळ्यावरून वहीकडे बघताना गरगरतं म्हणते, वर्गातला गोंगाट सहन होत नाही. पाठ केलेलं विसरते. चिडते, रडते. तिचे बाबा म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, हा अभ्यासाचा कंटाळा आहे. सासूबाई म्हणतात, मेंदूला मार लागलाय, हलूसुद्धा देऊ नका. सरांचा फोन येतो, पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. पुण्याच्या भाच्याने अमेरिकेतल्या फुटबॉल खेळाडूंचा व्हिडिओ पाठवला, डोक्याला मार लागून पुढे वेड लागलेल्यांचा. तिकडे रक्ताची तपासणी निघालीय म्हणे. ती इथे होते का? मला रात्र रात्र झोप नाही. ती खरंच नाटक करते का? ती बरी होईल का? तिला परत खेळू द्यायचं का?»

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, मुलगी नाटक करत नाहीये. तुम्हीच पत्रात त्याचा पुरावा दिला आहे. "स्कोअर किती झाला?" हे तिने तीनदा विचारलं ना, तेव्हाच तिचं निदान झालं होतं. मैदानावर ते कुणाच्या लक्षात आलं नाही, इतकंच. याला कन्कशन म्हणतात. मराठीत मेंदूला बसलेला हादरा म्हणू. बेशुद्ध पडल्याशिवाय डोक्याला मार लागला असं आपण मानत नाही, पण खेळात कन्कशन झालेल्या दहांपैकी नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत. ते गोंधळतात, तेच तेच विचारतात, डोळे एकाच जागी लावून बसतात. आणि आपण तोंडावर पाणी मारून त्यांना परत आत पाठवतो.

आता त्या नॉर्मल रिपोर्टबद्दल. सीटी स्कॅन हाड बघतो आणि रक्त बघतो. कवटी मोडली आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का, लगेच ऑपरेशन लागेल का, एवढंच त्याला विचारायचं असतं. त्या रात्री तो प्रश्न विचारायलाच हवा होता. दोनदा उलटी झाल्यावर तुम्ही सांगलीची वाट धरलीत हे फार चांगलं केलंत. १९९८ साली ढाक्यात एका क्लब सामन्यात आपला क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय फलंदाजाजवळ उभा होता. चेंडू कानशिलावर बसला. स्वतःच्या पायांनी चालत तो मैदानाबाहेर गेला, नंतर बेशुद्ध झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. चालत-बोलत असलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साठत असू शकतं, म्हणून सीटी. तुमच्या मुलीच्या बाबतीत ती भीती त्या रात्रीच मिटली.

गडबड झाली ती पुढे. "रक्तस्राव नाही" हे वाक्य दवाखान्यातून घरी येईपर्यंत "काही झालेलं नाही" असं झालं.

काय झालं असतं ते सांगते. मेंदू घट्ट दह्यासारखा मऊ असतो. डोक्याला झटका बसला की तो कवटीत हलतो, पिळवटतो, आणि पेशींचे लांब धागे ताणले जातात. तुटतातच असं नाही, ताणले जातात. पेशींच्या भिंतींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. ते पुन्हा जागच्या जागी नेण्यासाठी प्रत्येक पेशीतले पंप जोरात सुरू होतात. त्यासाठी ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. लॉस एंजेलिसमधल्या क्रिस्टोफर गिझा आणि डेव्हिड होव्डा या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ही सगळी साखळी मांडली. तुमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर विहिरीत पाणी भराभर चढतंय, उपसायला मोटर लावलीय आणि लाइटला व्होल्टेज नाही. विहिरीचा फोटो काढला तर काठ शाबूत दिसेल. सीटीचंही तेच.

एमआरआय थोडं जास्त दाखवतो. अमेरिकेत मेंदूच्या दुखापतींवर ट्रॅक-टीबीआय नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात, ज्यांचा सीटी नॉर्मल होता अशा सौम्य दुखापतीच्या रुग्णांपैकी २७ टक्के लोकांच्या एमआरआयमध्ये दुखापतीच्या खुणा सापडल्या. हे वाचून लगेच एमआरआयला धावू नका. तुमच्या मुलीची लक्षणं बघता तो केला तरी उपचार बहुधा तेच राहतील. हा आकडा तिच्या बाबांसाठी दिला आहे.

त्यांना आणखी एक सांगा. डोक्याची दुखापत सौम्य, मध्यम की गंभीर हे आजवर ठरतं ते ग्लासगोच्या मोजपट्टीवर, जी १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी बनवली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याचे गुण, जास्तीत जास्त पंधरा. तुमच्या मुलीला त्या रात्री पंधरापैकी पंधरा मिळाले असणार, म्हणून सौम्य. पण त्याच ट्रॅक-टीबीआय अभ्यासात, इस्पितळात आलेल्या या "सौम्य" रुग्णांपैकी ५३ टक्के लोकांना वर्षानंतरही रोजच्या जगण्यात काही ना काही अडचण होती. डोकं सोडून हातपाय वगैरे दुखावलेल्यांत हे प्रमाण ३८ टक्के होतं. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी वर्गीकरणाची नवी चौकट मांडली. तिच्यात शुद्धीच्या गुणांबरोबर रक्तातल्या खुणा, स्कॅन आणि रुग्णाची आधीची परिस्थिती असं सगळं एकत्र बघायचं आहे. सौम्य या शब्दानेच रुग्णांचं नुकसान होतंय, हे त्यामागचं एक मोठं कारण. तुमच्या घरात तेच चाललं आहे.

आता सासूबाईंकडे वळते. त्यांना रागावू नका, कारण त्या जे सांगताहेत तेच आम्ही डॉक्टर कालपरवापर्यंत सांगत होतो. अंधारी खोली, वाचन बंद, टीव्ही बंद, डोकं पूर्ण दुखायचं थांबेपर्यंत पडून राहायचं. मी स्वतः कितीतरी पोरांना हे लिहून दिलं आहे. तर्क बरोबर वाटायचा. हात मोडला तर प्लास्टर, मेंदू दुखावला तर अंधार. पण कुणीतरी तपासून बघायला हवं होतं, आणि बघितलं तेव्हा उलटंच निघालं.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात ११ ते २२ वयाच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला पाच दिवस कडक आराम, दुसऱ्याला एक-दोन दिवस आराम आणि मग हळूहळू रोजचे व्यवहार. कडक आरामवाल्यांनी जास्त लक्षणं नोंदवली आणि ती बरी व्हायलाही जास्त दिवस लागले. पुढे तिथल्याच बफेलो शहरातले डॉ. जॉन लेडी आणि त्यांचे सहकारी आणखी एक पाऊल पुढे गेले. १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडू मुलांपैकी निम्म्यांना रोज वीस मिनिटांचा, दम लागेल पण डोकं फार चढणार नाही इतपत व्यायाम दिला आणि निम्म्यांना नुसतं स्ट्रेचिंग. व्यायामवाली सरासरी १३ दिवसांत बरी झाली, स्ट्रेचिंगवाली १७ दिवसांत. हे २०१९ चं. २०२१ मध्ये ११८ मुलांवर पुन्हा केलं, तर महिन्याच्या पुढे दुखणं रेंगाळण्याची शक्यता व्यायामाने ४८ टक्के कमी झाली. कन्कशनवर काम करणारे जगभरातले तज्ज्ञ २०२२ च्या ऑक्टोबरात अॅमस्टरडॅमला जमले. पहिले २४ ते ४८ तास बेताचा आराम, मग चालायला लागा, असं त्यांनी एकमताने लिहून दिलं. अंधारी खोली त्यात कुठेच नाही.

मोबाइलचंही असंच. पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवल्याचा चांगला फायदा होतो. २०२१ च्या एका अभ्यासात तसं केलेल्यांची लक्षणं साधारण साडेतीन दिवस टिकली, स्क्रीन बघणाऱ्यांची आठ दिवस. पण हा पहिल्या दोन दिवसांचा हिशेब आहे. पाच आठवडे मोबाइल काढून घेण्याला काही आधार नाही. पंधरा वर्षांच्या मुलीचा फोन काढला म्हणजे तिच्या मैत्रिणीच काढून घेतल्या. वर शाळा नाही, खेळ नाही, खोलीत उजेड नाही. अशा खोलीत मला महिनाभर ठेवलंत तर डोक्याला काहीही न लागता माझंही डोकं दुखेल, झोप उडेल आणि मी सगळ्यांच्या अंगावर ओरडेन.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पेशींमधली ती मोटर-विहिरीची धावपळ बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर दोन-चार आठवड्यांत निवळते. पाच आठवड्यांनंतर जे दुखतंय त्याची कारणं वेगळी असतात, आणि ती शोधता येतात. तुमच्या पत्रात मला निदान चार दिसतात.

एक, तोल आणि नजर यांची जोडणी बिघडली आहे. "फळ्यावरून वहीकडे बघताना गरगरतं" हे वाक्य तिने उगाच बनवलेलं नाही. डोकं हललं तरी नजर स्थिर राहावी म्हणून आतला कान आणि डोळे सतत एकमेकांशी बोलत असतात. हादऱ्याने ते बोलणं तुटक होतं. तिला घरी हात लांब करून अंगठ्याकडे टक लावून बघायला सांगा आणि मान हळूहळू डावी-उजवीकडे फिरवू द्या. पाच-दहा वेळांत गरगरलं तर थांबा आणि हे डॉक्टरांना सांगा.

दोन, मान. गुडघा कानशिलावर बसून डोकं जमिनीवर आदळलं तेव्हा मानेलाही झटका बसलाच असणार. मानेतून निघालेलं दुखणं कपाळापर्यंत चढतं आणि सगळे मेंदूलाच दोष देत बसतात. या दोन्हींवर फिजिओथेरपी आहे, आणि तिचा गुण चांगला येतो. कॅनडातल्या कॅथरिन श्नायडर यांनी २०१४ मध्ये ३१ जणांवर एक छोटा अभ्यास केला. मान आणि तोल या दोन्हींचे व्यायाम मिळालेल्यांपैकी ७३ टक्के लोक आठ आठवड्यांत खेळायला मोकळे झाले. नेहमीचीच देखभाल मिळालेल्यांत फक्त ७ टक्के. अभ्यास लहान आहे, पण फरक बघा. सांगली-मिरज भागात फिजिओथेरपिस्ट पुष्कळ आहेत. फोन करताना "चक्कर आणि तोलाचे व्यायाम करून घेता का?" असं स्पष्ट विचारा. नुसता शेक देणारे आणि मशीन लावणारे इथे कामाचे नाहीत.

तीन, गोळ्या. डोकेदुखीची गोळी ती रोज घेते आहे असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. रोजच्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे. आठवड्यातून दोन दिवस, फार तर तीन दिवस, त्यापलीकडे नको. कशी कमी करायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारून करा. आणि ती मेंदूच्या ताकदीची गोळी? चिठ्ठीचा फोटो बघितला, त्यात सिटिकोलीन आहे. अमेरिकेत मेंदूच्या दुखापतीच्या १,२१३ रुग्णांवर ती तपासली होती. २०१२ मध्ये निकाल आला की तीन महिन्यांनंतर खरी गोळी घेणारे आणि खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक नाही. २०१४ मध्ये प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या दोन मोठ्या चाचण्याही अशाच वाया गेल्या. कन्कशन बरं करणारं सिद्ध झालेलं औषध आज जगात नाही. त्या गोळीवर जात असलेले पैसे फिजिओथेरपीला द्यावेत असं माझं मत आहे, पण बंद करण्याआधी लिहून देणाऱ्यांशी बोला.

चार, झोप आणि मन. दिवसा अंधारात पडून राहिलं की रात्री झोप येत नाही, झोप झाली नाही की डोकं दुखतं. त्यात आपण खोटं बोलतोय असं बाबांना वाटतं, हे तिला कळतंय. विसरभोळेपणातला बराच भाग झोपेचा आणि काळजीचा असतो. रडणं वाढलं, "मला जगायचंच नाही" असं काही ती बोलली, तर ते मनावर घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर कधीही फोन करता येतो, मराठीत बोलता येतं.

ती बरी होईल का? होईल, असंच मी म्हणेन. कॅनडात नऊ इस्पितळांत तीन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला आहे. २८ दिवसांनंतरही त्रास असणारी मुलं ३१ टक्के होती, म्हणजे तुमची लेक काही जगावेगळी नाही. कुणाचं रेंगाळतं याचीही यादी त्यांनी काढली. मुलगी असणं, तेरा वर्षांपुढचं वय, आवाज सहन न होणं, थकवा, उत्तर द्यायला वेळ लागणं, आधीपासून अर्धशिशी असणं. यातल्या निदान तीन गोष्टी तर तुमच्या पत्रातच आहेत. अर्धशिशी घराण्यात आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्हाला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, उपचार बदलू शकतो.

आणखी एक गोष्ट तिच्या विरुद्ध गेली, ती म्हणजे उरलेला डाव खेळणं. २०१६ मध्ये अमेरिकेत ६९ शाळकरी-कॉलेजवयीन खेळाडूंचा हिशेब मांडला गेला. मार लागल्याबरोबर बाहेर बसलेले सरासरी २२ दिवसांत बरे झाले, खेळत राहिलेले ४४ दिवसांत. सरांना हे वाचून दाखवा. भांडायला नव्हे. त्यांनी जे केलं ते आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मैदानावर होतं, त्यांनाही कुणी शिकवलेलं नसतं. पण पुढच्या पोरीच्या वेळी त्यांना माहीत असायला हवं.

आता भाच्याच्या व्हिडिओबद्दल. तो खरा आहे, पण तुमच्या मुलीचा नाही. २००२ मध्ये पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू या डॉक्टरांनी माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलपटूचा मेंदू मृत्यूनंतर तपासला आणि त्यात टाउ नावाच्या प्रथिनाचे गोळे सापडले. सीटीई म्हणतात त्या आजाराला, वारंवार मार बसून मेंदू हळूहळू झिजतो तो. २०१७ मध्ये बोस्टनच्या अॅन मॅकी यांच्या गटाने व्यावसायिक लीगमधल्या १११ खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये तो आढळला. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच्या मागची गोष्ट फिरत नाही. ज्यांच्या घरच्यांना आधीच काहीतरी बिनसलेलं दिसत होतं, मुख्यतः त्यांचेच मेंदू दान झाले होते. आणि हे लोक वर्षानुवर्षं, हंगामामागून हंगाम, हजारो टकरा खाल्लेले. ग्लासगोच्या विली स्ट्युअर्ट यांनी स्कॉटलंडमधल्या ७,६७६ माजी फुटबॉलपटूंचा अभ्यास केला, म्हणजे आपल्याकडे खेळतात तो फुटबॉल. त्यांच्यात मेंदू झिजण्याच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीन पट निघालं. पण गोलकीपरांमध्ये धोका फारसा वाढलेला नव्हता, सगळ्यात जास्त होता बचावफळीत, जिथे चेंडू डोक्याने मारत राहावा लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा पुन्हा बसणाऱ्या माराचा आहे. एका कन्कशनने वेड लागत नाही. भाच्याला सांगा, मावशीला असले व्हिडिओ रात्री दहानंतर पाठवू नकोस.

रक्ताची तपासणीही खरीच आहे. दुखापत झाल्यावर मेंदूतली जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही दोन प्रथिनं रक्तात उतरतात, ती मोजायची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा तपासणीला पहिली परवानगी २०१८ मध्ये दिली. २०२४ पासून तर खाटेशेजारी, हातात मावणाऱ्या यंत्रावर पंधरा मिनिटांत ती होऊ शकते. पण ती अठरा वर्षांवरच्यांसाठी, दुखापतीनंतर २४ तासांच्या आत, आणि सीटी काढायची गरज आहे का एवढंच ठरवायला. तुमची मुलगी पंधराची, दिवस झाले पस्तीस, सीटी होऊन गेलेला. वरातीमागून घोडं. सोडून द्या तो विषय.

उद्यापासून काय करायचं ते सांगते. एक वही करा. सकाळी उठल्यावर डोकेदुखीला तिने शून्य ते दहा गुण द्यायचे. मग तुम्ही दोघी चालायला निघा, ऊन चढायच्या आधी, डोक्यावर टोपी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. चालताना दुखणं एक-दोन गुणांनी वाढलं तर चालेल, तासाभरात खाली यायला हवं. दोन गुणांहून जास्त वाढलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी थोडं कमी चालायचं. झेपेल तसं वीस मिनिटांपर्यंत न्या, मग वेग वाढवा. "थोडं दुखलं म्हणजे मेंदूला इजा होतेय" ही भीती आधी सासूबाईंच्या मनातून काढावी लागेल. त्यांनाही बरोबर न्या, गुडघे चांगले असतील तर.

शाळा अर्ध्या दिवसापासून. वर्गशिक्षकांना भेटा. फळ्यावरचं उतरवून घ्यायला मैत्रिणीची वही मिळावी, गोंगाटाच्या तासाला ग्रंथालयात बसू द्यावं, चाचणीला थोडा जास्त वेळ द्यावा, एवढं मागा. अभ्यास वीस मिनिटं, मग दहा मिनिटं डोळे मिटून. मोबाइल परत द्या, दिवसाला अर्ध्या तासापासून, झोपण्याआधीचा तास सोडून. दिवसा झोपणं बंद, संध्याकाळचा चहाही बंद.

डोकेदुखी अचानक खूप वाढली, पुन्हा उलट्या सुरू झाल्या, झोपेतून उठवता येईना, हातपाय लुळे वाटले, बोलणं अडखळलं किंवा झटका आला तर वही-बिही बाजूला ठेवा आणि थेट इस्पितळ गाठा. पाच आठवड्यांनंतर याची शक्यता फार कमी आहे. हे वाचणाऱ्या ज्या घरात काल-परवाच कुणी पडलं असेल त्यांच्यासाठीही हे लिहिते. आणि हो, डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्या पोराला रात्रभर जागं ठेवायची गरज नाही, झोपू द्या.

राहिली कबड्डी. ३१ जानेवारी २०२५ ला गहुंजेच्या मैदानावर शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू बसला आणि त्याच्या जागी हर्षित राणा उतरला, आठवतं? राणा हा दुबेसारख्याच प्रकारचा खेळाडू होता का यावर आपण महिनाभर भांडलो. दुबेचं डोकं कसं आहे, हे विचारणारे त्या मानाने फारच थोडे. क्रिकेटमध्ये हा बदली खेळाडूचा नियम २०१९ मध्ये आला. आता तर कन्कशन झालेल्या खेळाडूला किमान सात दिवस बाहेर बसवतात. शाळेच्या कबड्डीत यातलं काही नाही, तेव्हा तो नियम तुम्हालाच व्हावं लागेल.

पुढच्या महिन्याची निवड चाचणी विसरा. कठोर वाटेल, पण त्यात मी सूट देणार नाही. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला इतकी वेगाने सूज येते की पोर हातची जाते. असे मृत्यू कमी आहेत, पण ते तिच्याच वयात होतात. वॉशिंग्टन राज्यातला झॅकरी लिस्टेड २००६ मध्ये तेरा वर्षांचा होता, मार लागल्यावर परत आत गेला आणि जन्माचा अधू झाला. त्याच्या नावाने २००९ मध्ये कायदा झाला. संशय आला की बाहेर, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले.

परतीचा रस्ता मात्र आहे, आणि तो तिला आजच सांगा, नाहीतर तिला वाटेल की कबड्डी संपली. आधी रोजचं चालणं-फिरणं. मग दम लागेल असा व्यायाम. मग रिकाम्या मैदानावर एकटीने पायांचं काम, चढाईच्या चाली, कुणाच्या अंगाला अंग न लावता. इथपर्यंत थोडं डोकं दुखत असलं तरी चालतं. पुढच्या तीन पायऱ्या लक्षणं पूर्ण गेल्यावर, पूर्ण वेळ शाळा झेपू लागल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. संघाबरोबर सराव पण पकड नाही, मग खरी पकड आणि डॅश, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. लक्षण परत आलं की एक पायरी खाली. आणि खाली राहण्याच्या या काळात मानेचे व्यायाम करून घ्या. मान दणकट असलेल्या शाळकरी खेळाडूंना कन्कशन कमी होतं असं एका मोठ्या पाहणीत दिसलं आहे, आणि आपल्याकडे मुलींच्या मानेचा व्यायाम कुठलेच सर घेत नाहीत.

तिच्या बाबांना माफी वगैरे मागायला लावू नका. पहिल्या दिवशी चालायला तुमच्याऐवजी त्यांना पाठवा. वहीत गुण त्यांनी लिहायचे, ती सांगेल तो आकडा, वाद न घालता.

दोन आठवड्यांनी वहीच्या पानांचा फोटो पाठवा, आणि फिजिओथेरपिस्ट काय म्हणाले तेही. खोलीचा पडदा मात्र उद्यावर टाकू नका. आज संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, अर्धा उघडा.